कोचरेकरांचे सतरा डबे

रूथबाईंची ईमेल गेल्या बुधवारी आली. कोचरेकर पाच महिने तिची वाट पाहत होते, आणि ती आली त्या दिवशी त्यांना जाऊन तेरा दिवस झाले होते. शाळेच्या ग्रंथालयात, मधल्या सुट्टीत, मी ती दोनदा वाचली आणि सवयीने फोन घेऊन त्यांचा नंबर शोधू लागले. मग लक्षात आलं, आणि फोन उपडा ठेवला.

जुलैत ते कायमचे गावी गेले होते, वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका वाडीत. तेव्हापासून दर शुक्रवारी इथे बहारीनमध्ये दहा वाजले की त्यांचा फोन यायचा.

"बाईंनू, इली काय?"

"नाही हो, अजून नाही."

"बरा. येतली." मग, "तुमच्या लायब्ररीतलो कोपऱ्यातलो एसी आवाज करता काय अजून?"

एसी आवाज करत नव्हता, आणि तो त्यांनीच दुरुस्त केलेला असल्याने हे त्यांनाही ठाऊक होतं. पण एका काळजीवर दुसरी काळजी ठेवली की पहिली जरा दबते, असं त्यांना वाटत असावं.

कोचरेकर एसी मेकॅनिक होते. बहारीनमध्ये तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये. माझी त्यांची ओळख झाली ती ग्रंथालयातला एसी पुस्तकांवर ठिबकायला लागला म्हणून. ते आत आले, माझ्याकडे पाहिलं नाही, फळ्यांकडे पाहिलं नाही. मान वर करून आधी एसीची जाळी पाहिली, मग हात उंच करून तळव्याची मागची बाजू हवेला लावली. थर्मामीटर खिशात असायचा, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आणि मग स्वतःशीच म्हणाले, "ह्यां पाणी खंय जाता?"

"मागच्या बाजूला पाइप आहे," मी म्हटलं.

ते एकदम ओशाळले. टोपी काढली. "ह्यां काय! बाई मराठी?" त्या दिवसापासून मी त्यांची बाई झाले. नुसती नव्हे, बाईंनू.

'ह्यां पाणी खंय जाता' हा त्यांचा कुठल्याही कामातला पहिला प्रश्न. हवा थंड केली की तिच्यातलं पाणी बाहेर पडतं, ते कुठेतरी जायला हवं. जो मेकॅनिक हे विचारत नाही तो बिघाड दुरुस्त करत नाही, तो बिघाड शेजारच्या खोलीत ढकलतो, असं ते मला समजावून सांगायचे. माहूजला आमच्या घरी चहाला आले तरी आधी बाथरूमच्या छताकडे बघून यायचे.

ते उंच, किडकिडीत होते. चष्म्याला नाडी, खिशात घडी घातलेलं फडकं. आणि गंमत म्हणजे या माणसाला थंडी सोसत नसे. जुलै महिन्यात, बाहेर लोखंडाला हात लावता येत नसे तेव्हा, त्यांच्या युनिफॉर्मच्या आत राखाडी स्वेटर असायचा. थंड पाणी प्यायचे नाहीत. कामगारांच्या कॅम्पवर त्यांच्या खोलीत राहणारा साताऱ्याचा ड्रायव्हर जाधव म्हणायचा, "आख्ख्या बहारीनला गार करतंय आन् स्वतः गोधडीत झोपतंय. काय करायचं ह्या माणसाचं?"

काळजी हा त्यांचा दुसरा धंदा होता. काम करून गेले की पाच मिनिटांत खालून फोन. "बाईंनू, मी मेन स्वीच चालू केलंय मां?" केलेला असायचा. तरी ते पुन्हा वर येऊन पाहायचे. आणि आले की एक वास यायचा, पुसटसा, सॅलडमध्ये घालतात त्या व्हिनेगरचा. मला वाटायचं, कॅम्पवर लोणची घालत असतील.

ओळख होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा एकदा मी फाटलेल्या पुस्तकाला कागद लावत बसले होते. ते शिडीवरून बघत होते. खाली उतरले, फडक्याने हात पुसले, आणि आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढला.

"तुमका इंग्लिश येता मां? ह्यो वाचून दाखवतास?"

ती एक यादी होती. बारीक, सरळ अक्षर. एक ते सतरा आकडे, आणि प्रत्येकापुढे इंग्लंडमधल्या स्टेशनांची, पुलांची, इंजिनशेडची नावं. खाली लिहिलं होतं की या सगळ्या फिल्म लिहिणाऱ्याने स्वतः काढलेल्या आहेत, वाफेच्या गाड्यांच्या शेवटच्या वर्षांत. कागदाच्या मागे एक पत्ता होता.

यादी लेस्ली साहेबांची. वर्कशॉप त्यांनी सुरू केलं होतं आणि कोचरेकरांना कामाला त्यांनीच घेतलं होतं. विशीत असताना, इंग्लंडमध्ये वाफेची इंजिनं एकामागून एक बंद होत होती तेव्हा, हा माणूस सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन रुळांच्या कडेला जाऊन उभा राहायचा. नंतर नोकरीसाठी आखातात आला, फिल्मचे डबे घेऊन आला आणि म्हातारा होईपर्यंत बुसैतीनच्या घरात राहिला. हृदयाच्या ऑपरेशनसाठी इंग्लंडला गेला तेव्हा सहा आठवड्यांत येतो म्हणाला. डबे कोचरेकरांकडे दिले.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

कोचरेकरांनी साहेबांचा आवाज काढला. "चिंतू, कीप देम कूल, कीप देम ड्राय."

सहा आठवड्यांत साहेब आले नाहीत. ते तिकडेच वारले. वर्कशॉप दुसऱ्याने घेतलं. डबे कोचरेकरांकडेच राहिले. वर्कशॉपच्या मागे त्यांनी भंगारातल्या पत्र्यांची एक कपाटाएवढी खोली उभी केली, आतून थर्माकोल लावला, सुटे भाग जमवून तिला एक छोटा एसी बसवला. जेवणाच्या सुट्टीत इतर लोक झोपत, तेव्हा हे तिथे जाऊन हाताची मागची बाजू लावून येत.

"आणि हा पत्ता?"

"साहेबांच्या चेडवाचो. रूथ."

"मग मुलीला कळवलं नाहीत?"

ते शिडीची घडी घालू लागले. खूप वेळ घालत राहिले. "काय कळवूचा?" शेवटी म्हणाले. "ती येऊन घेऊन जायत ह्याचो भिया वाटता. आणि इलीच नाय तर, ह्याचोय वाटता."

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मला आणि माझ्या यजमानांना सलमाबादला बोलावलं. वर्षातून एकदा ते एक डबा उघडत. साहेबांचाच जुना प्रोजेक्टर, भिंतीला चादर, आणि एसीच्या रिकाम्या खोक्यांवर बसलेले आठ-दहा जण, बहुतेक कोकणातले. फिल्मला आवाज नव्हता. त्या दिवशी नऊ नंबरचा डबा होता.

एक प्रचंड शेड, वरच्या काचांतून येणारा उजेड, धूर. बाहेर पाऊस. एक काळं इंजिन उभं होतं आणि त्याच्या बाजूला चढून एक माणूस हातातल्या फडक्याने त्याचा नंबर पुसत होता. कोणीतरी त्याला खालून काहीतरी म्हणालं असावं, तो हसला आणि पुन्हा पुसू लागला. पुढच्याच दृश्यात तेच इंजिन भंगाराच्या रांगेत होतं, गंजलेलं.

"आयला, आमच्या गुऱ्हाळावानी धूर!" जाधव म्हणाला. त्याने तोंडाने शिट्टी घातली, लोक हसले. मग म्हणाला, "उद्या भंगारात घालायचीय, आन् आज पुसतंय बघा येडं."

"येडो नाय तो," कोचरेकर मागून म्हणाले. "आज तेची ड्युटी आसा."

मी मागे वळून पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. स्वेटर घालून प्रोजेक्टरपाशी वाकले होते, एक हात दिव्याच्या पेटीवर, डोळे सरकणाऱ्या फिल्मवर. तीस मिनिटांची फिल्म त्यांनी अशी पाहिली, म्हणजे पाहिलीच नाही.

संपल्यावर त्यांनी रीळ डब्यात ठेवलं आणि झाकणाभोवती एसीच्या डक्टला लावतात ती चंदेरी पट्टी गुंडाळली. एक वेढा, दुसरा, तिसरा. नखाने कडा दाबल्या. नऊ नंबरला चौथा वेढाही दिला. मग डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ.

"इतकं घट्ट?" माझे यजमान म्हणाले.

"माका आवशीन शिकवल्यान," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळे हसले. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यांची आई कुळीथ, पापड, कोकमाची सोलं आणि मुलांचे शाळेचे दाखले डब्यांत भरायची आणि झाकणाच्या फटीला मेण लावून वरून कापडाची पट्टी ओढायची. चार महिने डब्यात वारा जाता कामा नये. एकदा दाखल्यांचा डबा सैल राहिला आणि थोरल्या भावाचा दाखला बुरशीने गेला, ते त्यांना साठीतही आठवत होतं. थंड ठेवणं हा त्यांचा धंदा होता. कोरडं ठेवायला आईने शिकवलं होतं. साहेबांनी सांगितलेलं दोन्ही ते करत होते.

मग यंदाच्या एप्रिलमध्ये कंपनीने सांगून टाकलं की व्हिसा पुढे वाढणार नाही. जुलैअखेर परत जायचं. वर्कशॉपची मागची जागा मोकळी करायची.

ते ग्रंथालयात आले, बसले नाहीत. "सतरा डबे घेऊन मी पावसात गावाक जाव?" असं म्हणाले. "बाईंनू, लिवा तिका."

मी लिहिलं. पत्ता जुना होता, पत्र पोचेल याची खात्री नव्हती. तीन आठवडे ते रोज फोन करत. मग रूथबाईंची ईमेल आली. वडिलांच्या फिल्म हरवल्या असं त्यांनी कधीच धरून चाललं होतं. एका संग्रहालयाला त्या हव्या होत्या, तपासून, दुरुस्त करून, जपून ठेवायला. खर्च त्या करतील, विमानाने लवकरात लवकर पाठवा. शेवटी एकच प्रश्न होता. डब्यांना व्हिनेगरचा वास येतो का?

मी कोचरेकरांना विचारलं. "येता," ते म्हणाले. "फिल्मचो वासच तसो."

त्या संध्याकाळी मी वाचत बसले. पुस्तकं सांभाळणं हे माझं काम, फिल्मबद्दल मला काही माहीत नव्हतं. जुनी फिल्म जुनी होऊ लागली की तिच्यातून आम्ल बाहेर पडतं, त्याचा तो वास. ते आम्ल वाफेसारखं असतं, त्याला बाहेर जायला वाट हवी. कोंडलं तर ते फिल्मलाच खातं, आणि फिल्म खाल्ली की आणखी आम्ल तयार होतं. सामान्य कपाटात ठेवताना डबे हवाबंद करू नयेत, असं अगदी साध्या शब्दांत लिहिलेलं होतं.

मी आठ दिवस त्यांना सांगितलं नाही. रोज ठरवायची. फोन आला की ते विचारायचे खोकं केवढं घेऊ, थर्माकोल किती जाड, आणि मी उत्तरं द्यायची. मनात यायचं, दोन महिन्यांत हा माणूस गावी जाणार, डबे इंग्लंडला जाणार, कोणी कोणाला सांगायला येणार नाही. पण डबे तसेच पट्ट्या लावून जुलैच्या उन्हातून गेले असते, तर उरलेलंही गेलं असतं.

शेवटी मी सलमाबादला गेले आणि त्या पत्र्याच्या खोलीच्या दारातच सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. आयुष्यभर जो प्रश्न ते सगळ्यांना विचारत आले तोच होता, फक्त पाण्याऐवजी वाफ.

"म्हणजे मियाच मारलंय मां त्येंका?" ते म्हणाले.

"असं नाही. फिल्म आपोआपही खराब होतातच."

"कोंडान घातलंय मी." त्यांनी हाताची मागची बाजू एका डब्याला लावली, पुन्हा काढली. "आठ वर्सां. आणि रोज येऊन बघी व्हतंय, थंड आसत काय."

त्या शुक्रवारी त्यांनी सगळे डबे उघडले. जाधवने पंखे आणून लावले, दार सताड उघडं ठेवलं. कोचरेकर ब्लेडने एकेक पट्टी कापत होते आणि झाकण उघडलं की मान वळवून डोळे पुसत होते. वासाने डोळ्यांत पाणी येतच होतं, जाधवच्या आणि माझ्याही. बारा डबे बरे निघाले. चार डब्यांतली फिल्म आकसून कडांना लाटा आल्या होत्या. नऊ नंबर सगळ्यांत शेवटी उघडला. चार वेढे. आतलं रीळ एखाद्या लाकडी चाकासारखं झालं होतं, थर थराला चिकटलेला.

जाधवने तोंड उघडलं. काहीतरी थट्टा करणार होता. मग म्हणाला, "बसा दादा जरा. पाणी घ्या."

"थंड नको," कोचरेकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रूथबाईंना लिहायचं होतं. मी मजकूर तयार केला होता. इथल्या उष्ण आणि दमट हवेमुळे पाच डब्यांचं नुकसान झालं आहे, असं वाक्य होतं आणि ते खोटंही नव्हतं. मी ते मराठीत करून वाचून दाखवलं.

"हवेचा नाव कित्याक घेतास?" ते म्हणाले. "हवा माझो धंदो."

"अहो, पण खरंच हवेमुळेसुद्धा—"

"लिवा, मी झाकान घट्ट बंद केलंय. माझ्या नावान लिवा. चिंतामण कोचरेकर, एसी मेकॅनिक."

मी लिहिलं. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, इंग्रजीत. पहिल्या खेपेस ते मान हलवत ऐकत होते, तिसऱ्या खेपेस हलवली नाही. रूथबाईंचं लगेच उत्तर आलं, दोनच ओळींचं. आभार मानले होते आणि तपासणीला काही महिने लागतील, निकाल कळवीन, असं होतं. रागावल्या होत्या की नाही हे त्या दोन ओळींवरून कळत नव्हतं. मग कोचरेकर पाच महिने तेवढ्यावर राहिले.

गावी त्यांना काही आजार नव्हता. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. "शुक्रवारी तुमका फोन करूचो म्हणत होते," तो म्हणाला. ते गेले तो गुरुवार होता.

आता बुधवारच्या ईमेलबद्दल. बारा फिल्म पूर्ण साफ करून संगणकावर उतरवल्या आहेत. आकसलेल्या चारांपैकी तीन हळूहळू सरळ होत आहेत, एक गेली. नऊ नंबर उलगडता येत नाही. पण ते रीळ त्यांनी टाकलेलं नाही. शीतगृहात गोठवून ठेवलं आहे, पुढे कधी तंत्र सापडलं तर पाहू म्हणून. रूथबाईंनी पुढे लिहिलं होतं, मिस्टर कोचरेकरांना सांगा, बाबा हयात असते तर त्यांनीही झाकण घट्टच लावलं असतं.

मी उत्तरात त्यांचं जाणं कळवलं. पत्र पाठवायच्या आधी थांबले आणि खाली आणखी एक ओळ घातली. शीतगृह किती डिग्रीवर आहे, ते कृपया कळवावं. हे त्यांनी विचारलंच असतं. आणि पाणी कुठे जातं, हेही. ते मात्र मी लिहिलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं जे शेवटचं चित्र आहे ते विमानतळाच्या कार्गोतलं, जुलैतल्या एका सकाळचं. डबे माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर होते, पट्ट्यांशिवाय, झाकणं नुसती टेकवलेली. एसी पूर्ण लावलेला, आणि डब्यांशेजारी कोचरेकर, स्वेटर घालून, कुडकुडत. मुहर्रकच्या पुलावर गाडी जरा हादरली की ते दोन्ही हात डब्यांवर पसरायचे.

काउंटरवरच्या माणसाने आम्ही डबे भरलेलं खोकं घेतलं, वजन केलं, आणि रुंद पट्टीचा रोल काढून गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा झाला.

"टेप नहीं!" कोचरेकर ओरडले. त्यांचा इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आजूबाजूची माणसं वळली.

"चाचा, टेप तो लगेगा. रूल है."

कोचरेकर माझ्याकडे बघू लागले. मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, "दो मिनट" म्हणाले, आणि खोक्याच्या बाजूला भोकं पाडायला लागले. घाई नव्हती. सरळ रांगेत, सारख्या अंतरावर, जशी एसीची जाळी असते तशी.

"अरे चाचा, छेद क्यों करता है? अंदर मुर्गी है क्या?"

"जिंदा है," कोचरेकर म्हणाले. मान वर न करता.

"भोकांतून गरम हवा नाही का जाणार आत?" मी हळूच विचारलं.

"गरमी आजचो दिवस. कोंडलेला आठ वर्सां व्हता."

चारही बाजूंना रांगा झाल्या. माणसाने भोकं सोडून पट्टी लावली, कुरकुरत का होईना. कोचरेकर वाकले आणि हाताची मागची बाजू त्या भोकांसमोर धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, "बाईंनू, तुमी बघा. लागता काय वारो?"

मी हात धरला. मला काहीच लागलं नाही.

"लागतंय," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, स्क्रूड्रायव्हर पुन्हा खिशातून काढला, आणि आणखी एक भोक पाडलं.